गोठा आणि श्वान-निवारा : विद्यार्थ्याच्या पिशवीत काय घ्यावं, काय टाळावं

पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या आसपासच्या सर्जिकल दुकानांत आणि ऑनलाइनही 'स्टुडंट किट' म्हणून तयार संच मिळतात. आत बहुधा एक स्टेथोस्कोप, एक थर्मामीटर, चिमटे, कात्री, हातमोजे आणि कधी एप्रन असतो. पण गोठ्यावर किंवा भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात विद्यार्थ्याच्या वाट्याला पहिल्यांदा येणारी कामं वेगळीच असतात : जनावर धरणं, ताप पाहणं, दूध तपासणं, औषध पाजणं, पिंजरे धुणं, कुत्र्याला पट्टा घालून बाहेर नेणं. त्यासाठी लागणारा दोर, ब्रश, सरकता पट्टा आणि टॉवेल या संचांत नसतात. म्हणून आमचा सल्ला असा की तयार संच घेऊ नये, वस्तू सुट्या घ्याव्यात. प्रत्येक वस्तू दोन कसोट्यांवर पारखावी. तिच्यामुळे जनावर शांत उभं राहतं का, आणि ती नीट धुता येते का? दुसऱ्या कसोटीत नापास होणारी वस्तू कितीही महागाची असली तरी रोग एका दावणीवरून दुसऱ्या दावणीला पोचवते.

बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. हा पशुवैद्यकीय पदवीचा अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा आहे. पहिल्या वर्षी विचार करून घेतलेलं बरंचसं साहित्य शेवटपर्यंत पुरतं.

गमबूट आणि ते धुण्याचं सामान

सगळ्यात आधी पैसे घालावेत ते इथे. पीव्हीसीचे, गुडघ्यापर्यंत येणारे, एक नंबर मोठे बूट घ्यावेत आणि आत जाड सुती मोजे घालावेत. घोट्यापर्यंतचे बूट स्वस्त पडतात, पण शेणमुताच्या नालीत पाय गेला की वरून भरतात. तळव्याच्या खाचा खोल आणि रुंद हव्यात. अरुंद खाचांत शेण घट्ट बसतं आणि ब्रशचे केस तिथे पोचत नाहीत. पुढे लोखंडी टोप असलेले बूट जड असतात. तरीही रोज संकरित गायी आणि म्हशींत काम असेल तर तेच घ्यावेत, कारण चारशे किलोच्या जनावराचं खूर बोटांवर पडलं तर साधं पीव्हीसी काहीच अडवत नाही. श्वान-निवाऱ्यात त्यांची गरज नाही, तिथे हलके बूट चांगले.

बुटांचे दोन जोड ठेवावेत, एक गोठ्याचा आणि एक निवाऱ्याचा. हा खर्च टाळू नये.

धुण्याचा क्रम चुकला की जंतुनाशकावरचे पैसे वाया जातात. आधी खरवडून शेण काढायचं, मग साबणाचं पाणी आणि ताठ केसांचा ब्रश, मग साधं पाणी, आणि शेवटी जंतुनाशक. ते लावल्यावर पृष्ठभाग निदान १० मिनिटं ओला राहायला हवा. ब्लीचमधलं क्लोरीन शेण, माती, रक्त अशा सेंद्रिय मळाशी आधी संयोग पावतं आणि तिथेच संपतं. विषाणूपर्यंत पोचत नाही. त्यामुळे अनेक गोठ्यांच्या दारात गढूळ पाण्याचं जे घमेलं असतं, त्यात शेणाने भरलेला बूट बुडवून काढण्याला अर्थ नाही. द्रावण रोज नवं करावं, आणि गढूळ झालं तर दिवसातून दोनदाही.

कशासाठी काय वापरायचं हेही वेगळं आहे. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूवर ४ टक्के धुण्याचा सोडा चांगला चालतो : लिटरभर पाण्यात ४० ग्रॅम. हा सोडियम कार्बोनेट असतो, खाण्याचा सोडा नव्हे. निवाऱ्यातला खरा शत्रू पार्वो, हा कुत्र्यांचा विषाणू. तो जमिनीत, फटींत महिनोनमहिने टिकतो. त्याच्यावर साधारण ५ टक्क्यांचं घरगुती ब्लीच ३० पट पाण्यात, म्हणजे लिटरला ३३ मिलिलिटरच्या आसपास, १० मिनिटं ठेवलं तर काम करतं. फिनाइलवर आपल्याकडे फार भरवसा आहे, पण पार्वोवर त्याचा भरवसा धरता येत नाही. शिवाय फिनॉलवर्गीय द्रव्यं मांजरांना विषारी असतात. म्हणून मांजरंही असलेल्या निवाऱ्यात ते अजिबात नको. ब्लीच कधीही अॅसिडमध्ये मिसळू नये आणि लघवी साचलेल्या फरशीवर थेट ओतू नये, घातक वायू सुटतो. आधी पाण्याने फरशी स्वच्छ करावी.

निवाऱ्यात कामाचा क्रमही ठरलेला हवा : लसीकरण पूर्ण न झालेली पिल्लं आधी, मग निरोगी मोठी कुत्री, आणि आजारी कुत्र्यांचा विलगीकरण कक्ष अगदी शेवटी. हा क्रम उलटा झाला तर उत्तम बूटही पिल्लांना वाचवू शकत नाहीत.

थर्मामीटर, स्टेथोस्कोप

पाऱ्याचं काचेचं थर्मामीटर घेऊ नये. जनावर हललं की ते गुदद्वाराच्या आत फुटू शकतं. लवचीक टोकाचं, बीप वाजणारं डिजिटल थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतं आणि पुरतं. ते आखूड असतं, म्हणून मागच्या टोकाला दोरी आणि चिमटा बांधून चिमटा शेपटीच्या केसांना लावावा. गायीचं वेगळं, कुत्र्याचं वेगळं.

गायीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, कुत्र्याचंही जवळपास तेवढंच, शेळीचं १०२ ते १०४ पर्यंत. म्हशीच्या बाबतीत घाई करू नये. तिची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळे उन्हातून आलेल्या म्हशीचा आकडा वर जातो. तिला सावलीत पाणी मारून, अर्धा-पाऊण तास थांबून पुन्हा पाहावं. आकडा चुकीचा कमी येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे टोक शेणाच्या गोळ्यात खुपसलेलं असतं. ते थोडं तिरकं करून आतल्या अस्तराला टेकवावं. गुदमार्गातून हात घालून तपासणी झाल्यावर आत हवा गेलेली असते, तेव्हाही आकडा कमी येतो. म्हणून तापमान आधी, तपासणी नंतर.

स्टेथोस्कोप मध्यम किमतीचा चालेल. नळी फार आखूड नको. गायीच्या डाव्या कोपराच्या आत हृदय ऐकताना डोकं तिच्या पायाच्या फार जवळ जातं. विद्यार्थ्याने त्याचा सर्वाधिक सराव डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट भागावर करावा. पोटाच्या पहिल्या कप्प्याची हालचाल निरोगी गायीत मिनिटाला एक ते दोनदा होते, आणि ती ऐकण्यासाठी निदान दोन मिनिटं थांबावं लागतं. अर्ध्या मिनिटात 'हालचाल नाही' असं लिहून मोकळं होणं ही सर्रास दिसणारी चूक आहे.

दोर, मोरखी, बुल होल्डर

दोर सुती घ्यावा, १२ मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. नायलॉनचा दोर स्वस्त, हलका आणि न कुजणारा असतो. पण जनावराने हिसका दिला की तो तळहाताची सालं काढतो, आणि ओला झाल्यावर गाठ सरकते. सुती दोर धुऊन उन्हात वाळवावा लागतो, एवढाच त्याचा त्रास. दीड-दोन मीटरचे दोन तुकडे आणि १० ते १२ मीटरचा एक एवढे पुरे. टोकं सुतळीने करकचून बांधावीत, नाहीतर महिन्याभरात पीळ सुटतो.

दोर चांगला आणि गाठ वाईट असेल तर उपयोग नाही. जनावर बांधायचं ते एक टोक ओढताच सुटणाऱ्या गाठीने. घाबरून पडलेली गाय दोराला लटकली तर चाकू शोधायला वेळ नसतो. खुंट्याची उंची साधारण तिच्या खांद्याएवढी असावी आणि सुटा दोर आखूड, म्हणजे पाय अडकत नाही. बांधायला मोरखी, म्हणजे तोंडाभोवती घालायचा दोर वापरावा. वेसण खांबाला बांधू नये. एका हिसक्यात नाकपुडी फाटते. पंढरपुरी म्हशीची शिंगं लांब, तलवारीसारखी मागे वळलेली असतात. मोरखी घालताना तिच्या समोर नव्हे, खांद्याला लागून उभं राहावं. खिल्लार जनावर चपळ आणि बुजरं, अनोळखी माणसाला लगेच जवळ करत नाही. त्याच्याशी आधी बोलावं, हात खांद्यावर ठेवावा आणि हात न काढता पुढे सरकावं. गाय घोड्यासारखी सरळ मागे लाथ मारत नाही, तिचा मागचा पाय पुढे येऊन बाजूला अर्धवर्तुळात फिरतो. 'मागे गेलो नाही म्हणजे सुरक्षित' हा समज म्हणूनच चुकीचा. मांडीला अंग टेकवून उभं राहिलेल्या माणसाला ढकलल्यासारखा मार बसतो, हातभर अंतरावर उभं राहिलेल्याला पूर्ण जोराचा.

लाथ आवरायला शेपटी उचलून धरण्याची पद्धत चांगली आहे. मात्र दोन्ही हातांनी, अगदी मुळाशी धरून, पाठीच्या रेषेत सरळ वर. मधोमध धरून पिरगाळली तर मणके मोडतात. बुल होल्डर, म्हणजे नाकपुड्यांत अडकवून जनावर धरायचा चिमटा, घ्यायचाच असेल तर टोकं गोल, गुळगुळीत हवीत आणि पूर्ण बंद केल्यावरही त्यांच्यात थोडी फट उरायला हवी. टोकं एकमेकांना भिडत असतील तर नाकाचा पडदा चिरडतो. असा नमुना दुकानातच परत करावा. खोडा, म्हणजे जनावर अडकवून उभं करायची चौकट, असेल तिथे बुल होल्डरची गरजच फारशी पडत नाही.

१० मीटरचा दोर जनावर पाडण्यासाठी, आणि ते काम विद्यार्थ्याने एकट्याने करायचं नाही. जमीन मऊ हवी, जनावर उपाशी हवं, गाभण असेल तर पाडायचं नाही, आणि दोराचा वेढा कासेवरून जाऊ द्यायचा नाही. पाडल्यावर तोंडातली लाळ बाहेर वाहील अशी मान ठेवावी आणि काम संपताच छातीवर बसवावं. फार वेळ आडवं राहिलं तर पोट फुगतं.

कासदाह तपासणीची थाळी

विद्यार्थ्याच्या पिशवीतली ही आमच्या मते सर्वात उपयोगी वस्तू. कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, बोलण्यात सीएमटी. चार खळ्यांची प्लास्टिकची थाळी आणि जांभळं द्रावण. दुधात पेशी वाढलेल्या असतील तर द्रावण त्या पेशी फोडतं, आतला डीएनए बाहेर येतो आणि मिश्रण घट्ट होतं. सुप्त कासदाहात सड वरून निरोगी दिसतो, दूधही पांढरंशुभ्र असतं. हा आजार डोळ्यांनी सापडत नाही, या थाळीत सापडतो.

सडं पुसून पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या काढाव्यात. काळ्या पृष्ठभागाच्या कपात काढल्या तर गुठळ्याही दिसतात. मग प्रत्येक सडाचं दूध त्याच्या खळीत. थाळीचा दांडा ठरलेल्या बाजूलाच ठेवावा, नाहीतर कुठली खळी कुठल्या सडाची हे विसरतं. थाळी तिरकी करून जास्तीचं दूध सांडू द्यावं; प्रत्येक खळीत साधारण २ मिलिलिटर उरलं की तेवढंच द्रावण घालावं. थाळी आडवी गोल फिरवत राहावी आणि फिरवतानाच, १० ते २० सेकंदांत, निकाल वाचावा. पातळच राहिलं तर ठीक. तळाशी घट्टपणाचे धागे दिसले तर संशय. मधोमध गोळा होऊन उंचवटा आला तर त्या सडात तीव्र दाह. उशीर केला तर हलका घट्टपणा विरून जातो आणि दोषी सड निर्दोष ठरतो. दुधाचं प्रमाण जास्त झालं तरी तेच होतं, म्हणून थाळी घेताना आत प्रमाणाच्या रेषा आहेत का ते पाहावं. रेषा नसलेली थाळी घेऊ नये.

व्यायल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत आणि आटत आलेल्या गायीत सगळ्याच सडांना घट्टपणा येऊ शकतो. तिथे आजार ठरवताना सडासडांतला फरक पाहावा. तयार द्रावण संपलं तर कपडे धुण्याच्या पावडरीचं ३ टक्के द्रावण वापरता येतं, लिटरला ३० ग्रॅम. रंगाचा आधार मिळत नाही, पण घट्टपणा कळतो. तपासलेलं दूध गव्हाणीत किंवा फरशीवर न ओतता बादलीत जमवून फेकावं, आणि संशयित गाय शेवटी तपासावी.

शेळ्यांसाठी

फामाचा कार्ड हे दक्षिण आफ्रिकेत तयार झालेलं रंगांचं कार्ड आहे. रक्त शोषणाऱ्या जंतामुळे शेळीला किती रक्तक्षय झाला आहे हे ते पापणीच्या आतल्या रंगावरून पाच पायऱ्यांत दाखवतं. वरची पापणी मिटायची, डोळ्यावर हलका दाब द्यायचा, खालची पापणी ओढायची, आणि क्षणभर बाहेर आलेलं अस्तर कार्डाशी ताडायचं. हे भर उजेडात करावं, दोन्ही डोळे पाहावेत. १ आणि २ ला जंतनाशक नको, ४ आणि ५ ला लगेच, ३ ला वय, प्रकृती आणि कळपाची स्थिती पाहून. उस्मानाबादी, संगमनेरी कळपांत पावसाळ्यात याचा फार उपयोग होतो, कारण सरसकट सगळ्यांना औषध देत राहिलं की जंत औषधाला दाद देईनासे होतात. कार्डाची रंगीत झेरॉक्स किंवा मोबाइलवरचा फोटो चालत नाही, छटा बदलतात. जुनं, फिकं पडलेलं कार्डही टाकून द्यावं. डोळे आलेले असतील तर लालीमुळे रक्तक्षय झाकला जातो, हे लक्षात असू द्यावं.

औषधाची मात्रा अंदाजाने देऊ नये. शिंप्याचा टेप पुरतो. छातीचा घेर इंचांत, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पार्श्वभागाच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले ६६०, उत्तर किलोत. घेर ३० आणि लांबी २८ इंच असेल तर साधारण ३८ किलो. औषध पाजताना मान आडवीच ठेवावी, जीभ बाहेर ओढू नये, गालाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं सोडावं आणि ठसका लागताच डोकं सोडून द्यावं. डोकं वर करून बाटली रिकामी केली की औषध फुप्फुसात जातं, आणि त्याने होणारा न्यूमोनिया मूळ आजारापेक्षा लवकर मारतो. ड्रेंचिंग गन, म्हणजे औषध पाजायची पिचकारी, घेतली तर नळीचं टोक बोटाने चाचपून पाहावं, खरखरीत असेल तर घसा सोलतो.

कुत्र्यांसाठी

सरकता पट्टा, म्हणजे स्लिप लीड, बोटभर जाडीचा आणि मऊ विणीचा हवा. त्यावर चामड्याचा किंवा रबरी अडसर असावा, म्हणजे फास जरुरीपेक्षा आवळत नाही. बारीक नायलॉनची दोरी मानेत रुतते. बाहेर नेताना साधा गळपट्टा आणि स्लिप लीड असे दोन्ही वापरावेत, एक निसटलं तरी दुसरं धरून ठेवतं. गळपट्ट्यात दोन बोटं जातील एवढी जागा ठेवावी. स्लिप लीडने कुत्रं कुठेही बांधून ठेवू नये.

रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याला पट्टा म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. तो गळ्यात पडताच ते जमिनीला चिकटून बसतं. ओढू नये. बाजूने, नजर न रोखता खाली बसावं आणि बिनहाडाच्या उकडलेल्या चिकनचा तुकडा जवळ टाकावा. ओठ चाटणं, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणं, शेपूट पोटाखाली घेणं, अंग ताठ करून स्तब्ध होणं, ही सगळी 'थांब' म्हणण्याची भाषा आहे. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही रागावू नये. ती सूचना बंद झाली की पुढच्या वेळी ते सूचना न देता चावतं. हात लावायचाच तर छातीच्या बाजूला, दोन-तीन सेकंद, मग हात काढून घ्यावा. त्याने पुन्हा जवळ येऊन अंग टेकवलं तर पुढे जावं.

मुसकं घेताना जाळीचं घ्यावं, त्यात कुत्र्याला धापा टाकता येतात आणि पाणीही पिता येतं. कापडी किंवा नायलॉनचं मुसकं तोंड आवळून बंद करतं, म्हणून ते इंजेक्शन देण्यापुरतं, काही मिनिटंच. कुत्रं धापा टाकूनच अंगातली उष्णता घालवतं, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये ते अडवणं जिवावर बेतू शकतं. मुसकं नसेल तर मीटरभर गॉज बँडेज चालतं : नाकावर वेढा, हनुवटीखाली एक गाठ, दोन्ही टोकं कानांमागे नेऊन ओढताच सुटणारी गाठ. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याला हे करू नये, तिथे टॉवेल मानेभोवती गुंडाळून धरावा. एकूणच जुना, जाड आंघोळीचा टॉवेल निवाऱ्यात फार कामाचा : पिल्लू उचलायला, घाबरलेल्या कुत्र्याचे डोळे झाकायला, पिंजऱ्यात पांघरायला. असे चार न्यावेत. चामड्याचे जाड हातमोजे दातांचा दाब थोपवत नाहीत आणि बोटांना जाणीवही उरत नाही, त्यामुळे कुत्रं गरजेपेक्षा घट्ट धरलं जातं. पैसे तिथे घालू नयेत. पकडकाठी, म्हणजे टोकाला फास असलेली काठी, विद्यार्थ्याने वापरूच नये. जाळी तिच्याहून किती तरी बरी, पण तीही शिकलेल्या माणसाच्या हातात.

एबीसी (प्राणी जन्मनियंत्रण) नियम, २०२३ प्रमाणे नसबंदी आणि लसीकरण झालेलं कुत्रं जिथून आणलं तिथेच परत सोडायचं असतं. त्यामुळे निवाऱ्यातली बरीचशी कुत्री थोड्या दिवसांची पाहुणी असतात. टाक्यांची जागा दिवसातून दोनदा पाहून लाली, सूज, स्राव नोंदवणं हे विद्यार्थ्याला जमण्यासारखं आणि खरोखर मदतीचं काम आहे. त्यासाठी छोटी टॉर्च आणि वही पुरते.

पिशवीत न मावणारी गोष्ट

रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस घेतल्याशिवाय निवाऱ्यात पाऊल टाकू नये, आणि गोठ्यातही नाही, कारण पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेली गाय तोंडात काही अडकल्यासारखी लाळ गाळते आणि सगळे जण तिच्या तोंडात हात घालतात. भारतातल्या मार्गदर्शनाप्रमाणे तीन मात्रा असतात : ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. हा महिना प्रवेशानंतर लगेच मोजायला घ्यावा. लस घेतलेल्याला पुढे चावा झाला तर ० आणि ३ व्या दिवशी दोन मात्रा पुरतात, इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही. मात्र जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुणं दोन्ही परिस्थितींत आवश्यक. म्हणून साबणाची वडी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात असावी, आणि पहिल्याच दिवशी नळ कुठे आहे ते पाहून ठेवावं.

गाभडलेल्या गायीची वार किंवा गर्भ उघड्या हाताने हाताळू नये. ब्रुसेला, म्हणजे गाय गाभडवणारा जंतुसंसर्ग, माणसालाही होतो आणि महिनोनमहिने पिच्छा सोडत नाही. खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे शेकड्याने घ्यावेत, स्वस्त पडतात. वापरण्याआधी एक फुगवून पाहावा. शिवणीत हवा गळत असेल तर सगळं खोकं बदलून मागावं, आणि प्रत्येक गायीला नवा घालावा.